उतरायचे कुठे?

परगावी आलेल्या माणसाला मराठीत ‘कुठे राहिलात?’ असे कोणी फारसे विचारत नसे, ‘कुठे उतरलात?’ असे विचारीत. घोड्यावरून, छकड्यातून, टांग्यातून आणि पुढे एस.टी.तून माणूस खाली उतरे आणि जिथे उतरे तिथेच त्याचा मुक्काम पडे, ही सगळी हकीकत त्या एका क्रियापदात शिल्लक आहे. आमच्या घरात हा शब्दप्रयोग आता फक्त आईच्या तोंडी उरला आहे. आई म्हणजे आमच्यातील एकाची आई आणि दुसरीची सासू. हाक मात्र दोघांचीही एकच. २०२४ च्या जानेवारीत धाकट्या भावाने न्यू जर्सीहून फोन केला आणि मे महिन्याच्या सुटीत सर्वांनी मिळून फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला जावे, असा बेत मांडला. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ते ठीक आहे रे, पण उतरायचं कुठे?”

पुढचे चार महिने आम्ही दोन्ही भावांच्या कुटुंबांनी या एका प्रश्नावर घालवले. आज मागे वळून पाहताना वाटते, की त्या चार महिन्यांत आम्ही या प्रश्नावर जे बोललो त्यात प्रामाणिक असे फारच थोडे होते.

प्रश्न वरवर साधा आहे. तेथे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो सोडवावा लागतो. डिस्नेच्या स्वतःच्या आवारात पंचवीसहून अधिक निवासस्थाने आहेत. स्वस्त, मध्यम आणि महाग अशा त्यांच्या तीन पायऱ्या. आत उतरले तर कंपनीच्या बस, मोनोरेल आणि २०१९ पासून आकाशपाळण्यांची वाहतूक फुकट; उद्यानाचे दरवाजे इतरांपेक्षा अर्धा तास आधी उघडतात; दुपारी थकवा आला तर खोलीवर येऊन पडता येते. बाहेर, म्हणजे किसिमी गावाच्या बाजूने १९२ क्रमांकाच्या महामार्गालगत, मोटेले आणि भाड्याची घरे यांची मैलोन्‌मैल रांग आहे. तेथे निम्म्या पैशांत दुप्पट जागा मिळते आणि घर घेतले तर स्वयंपाकघरही मिळते. मात्र भाड्याची मोटार हवी, उद्यानाच्या वाहनतळाचे रोजचे पैसे (२०२४ साली तीस डॉलर) हवेत आणि सकाळी लवकर उठण्याची तयारी हवी. जुन्या माहितगारांचे सल्ले या बाबतीत जपून घ्यावेत. विमानतळावरून आतल्या पाहुण्यांना सामानासह फुकट नेणारी बस २००५ साली सुरू झाली आणि २०२२ च्या आरंभी बंदही झाली. तरी धाकट्याचे मित्र तिच्या भरवशावर आम्हांला सल्ला देत होते.

हा आत-बाहेरचा भेद मुळात का निर्माण झाला, याची कथा आम्हांला त्या निमित्ताने वाचावयास मिळाली. १९५५ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले तेव्हा संत्र्यांच्या बागा तोडून केलेली सुमारे एकशे साठ एकर जागा आणि त्यावरील उद्यान एवढ्यातच वॉल्ट डिस्नेचा पैसा संपला होता. हॉटेल बांधण्याची ऐपत उरली नव्हती. ते काम त्याने जॅक राथर या उद्योजकाच्या गळी उतरवले आणि ‘डिस्नेलँड हॉटेल’ असे नाव मिरवणारी ती इमारत पुढे तीस-एक वर्षे डिस्नेच्या मालकीची नव्हती. उद्यानाभोवती बघता बघता मोटेलांचे, दिव्यांच्या पाट्यांचे कडे पडले. जत्रा याने भरवली आणि दुकाने इतरांनी थाटली. ही सल त्याच्या मनात राहिली असली पाहिजे, कारण फ्लोरिडात त्याने टोपणनावांच्या कंपन्यांकरवी गुपचूप जमीन घेतली आणि ती थोडीथोडकी नव्हे, सुमारे सत्तावीस हजार एकर घेतली. १९६५ साली हे गुपित फुटले, १९६६ च्या डिसेंबरात तो वारला, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी उद्यान उघडले तेव्हा त्याच्यासोबत दोन हॉटेलेही उघडली. पाहुण्याने रात्रीही आपल्याच हद्दीत राहावे, या इच्छेपोटी एवढी जमीन घेतली गेली, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

त्या दोन हॉटेलांपैकी एक ‘कंटेम्पररी’. धाकट्याचे मन त्यावर बसले होते. तेथून मुख्य उद्यानापर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटांत जाता येते, आईच्या गुडघ्यांना ते झेपेल, आणि खर्च सर्वस्वी तो करील, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही सात माणसे: आई, आम्ही दोघे, आमची अकरा वर्षांची मुलगी, धाकटा, त्याची पत्नी आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. म्हणजे दोन खोल्या. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे साडेसहाशे डॉलर, त्या वेळच्या दराने चोपन्न हजार रुपये. आम्ही दोघे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो त्या काळात आम्हांला वर्षभरातही एवढे मिळत नसे. आता बरे दिवस आहेत, दोघेही कायम आहोत; पण तेव्हाचे हिशेब करण्याची सवय हाडात मुरलेली आहे. आणि ‘सर्वस्वी तो करील’ हे शब्द आमच्या घशाखाली उतरेनात.

येथे आम्ही जे केले ते मराठीचे प्राध्यापकच करू जाणोत. आम्ही आमच्या मानापमानाला विचारांचे वस्त्र चढवले. आमच्यातील एकीने ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ हा शॉन बेकरचा २०१७ सालचा चित्रपट पाहिला होता. त्याच १९२ क्रमांकाच्या रस्त्यावरील एका जांभळ्या मोटेलात आठवड्याच्या भाड्यावर राहणाऱ्या बेघर कुटुंबांची ती कथा आहे. डिस्नेच्या त्या मूळ बेताच्या नावावरूनच चित्रपटाचे नाव घेतलेले आहे. तो आधार घेऊन आम्ही धाकट्याला सांगितले, की आत राहणे म्हणजे कंपनीने आखलेल्या स्वप्नात चोवीस तास कोंडून घेणे होय. बाहेर राहिले तर निदान खरा देश दिसेल. बोलताना आम्हांला स्वतःचेही पटत होते. मात्र प्रत्यक्षात आम्ही जे घर ठरवले ते फाटकाला पहारेकरी असलेल्या वसाहतीत होते, त्याला चार शयनगृहे होती आणि मागे पोहण्याचा तलाव होता. त्या मोटेलांजवळून आमची मोटार रोज सकाळी ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाने जात असे. खरा देश आम्ही एवढाच पाहिला.

आमचा दुसरा मुद्दा आईचा होता आणि तोच निर्णायक ठरला. तिला बाहेरचे खाणे सोसत नाही, तिला तिची चूल लागते, स्वयंपाकघर असले की ती परक्या देशातही रमेल, असे आम्ही म्हणालो. जाऊबाईंनीही मान डोलावली. आई फोनवरच होती. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” हे तिचे नेहमीचे वाक्य आहे. त्याचा अर्थ होकार असा आम्ही तीस वर्षे लावत आलो आहोत.

सहा रात्रींसाठी घर ठरले. भाडे रात्रीला दोनशे तीस डॉलर, वर साफसफाईचे निराळे. अर्धे आम्ही दिले. ते देताना फार बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मे महिन्याच्या अखेरीस तेथे पोहोचलो. ऊन आपल्याकडचे वाटावे असे, पण हवेत कोकणातला दमटपणा. पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला घरात भांड्यांचा आवाज होता. सामानातून आणलेला छोटा कुकर, गोडा मसाला, पोह्यांची पिशवी असे सगळे ओट्यावर मांडून आई उभी होती. फोडणीच्या धुराने छतावरचा धोक्याचा भोंगा वाजला, मुले हसली, धाकट्याने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घातला. सर्वांनी पोहे खाल्ले. बाहेर उतरण्याचा आमचा निर्णय किती योग्य होता, हे आम्ही एकमेकांकडे पाहून ठरवून टाकले.

त्यानंतरच्या प्रवासाचा हिशेब मात्र आम्ही घरी बसून कधी केला नव्हता. साडेसातला निघालो. महामार्ग, मग डिस्नेच्या हद्दीतले रस्ते, मग वाहनतळ. तेथील एकेका भागाला चित्रपटांतील नायकांची आणि खलनायकांची नावे दिलेली आहेत. आमची मोटार खलनायकांत गेली. तेथून छोट्या गाडीने तिकीटघराकडे. आणि तिकीटघर म्हणजे उद्यान नव्हे. मध्ये एक विस्तीर्ण तळे आहे, ते मोनोरेलने किंवा नावेने ओलांडायचे. हे तळे मुद्दाम खोदलेले आहे. बाहेरून आलेल्या माणसाने पाण्यापलीकडे दूरवर किल्ला पाहावा आणि मग हळूहळू त्याच्याकडे जावे, अशी ती योजना. योजना सुंदर आहे. तरुण गुडघ्यांसाठी तर फारच सुंदर आहे. घरच्या ओट्यापासून त्या किल्ल्यापर्यंत आम्हांला सव्वा तास लागला. नऊ वाजत आले होते. आत उतरलेली मंडळी अर्धा तास आधीच शिरून लोकप्रिय खेळांच्या रांगा धरून बसली होती.

बोद्रियारने डिस्नेलँडविषयी लिहिताना आतील गर्दी आणि बाहेरील वाहनतळाचे एकाकीपण यांतील विरोध टिपला आहे. वर्गात आम्ही त्याचे नाव अनेकदा घेतले असेल. रात्री दहा वाजता तोच वाहनतळ ओलांडताना आईने आमच्यातील एकाचा दंड धरला होता आणि ती काहीच बोलत नव्हती. सकाळी तिला चाकांची खुर्ची घेऊ या म्हटले होते, तेव्हा ती म्हणाली होती, “खुर्ची कशाला? मी काय आजारी आहे?” दुपारी दोनच्या सुमारास ती एका बाकावर बसली आणि आम्ही मुलांना घेऊन पुढे गेलो, परत आलो तेव्हा ती पदराने वारा घेत त्याच बाकावर होती. आत उतरलेली कुटुंबे त्या वेळी आपापल्या खोल्यांत निजलेली असणार. आम्हांला परत जायचे तर सव्वा तास जायला आणि सव्वा तास यायला. म्हणून कोणीच गेले नाही. तेरा तास आम्ही तेथे होतो.

दुसऱ्या दिवशी एपकॉट. तेथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि प्रदक्षिणा दोन किलोमीटरची आहे. भारताचे दालन नाही, हे आईच्या लक्षात आले; “बरं झालं, तेवढं चालणं वाचलं,” ती म्हणाली. आम्ही खूप हसलो. दुपारी तीनला विजांसह पाऊस कोसळला, सातही जण चिंब होऊन मोटारीत बसलो आणि त्या दिवशी आई प्रथमच मोटारीतच झोपी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आज तुम्ही जाऊन या. मी स्वयंपाक करून ठेवते. रोज काय त्या पावाचं खायचं?”

आम्हांला हायसे वाटले. हे वाक्य लिहिताना संकोच होतो, पण वाटले ते असे. आईला तिच्या आवडीचे काम मिळाले, मुलांना वेगाने फिरता येईल, असे आम्ही मनाशी म्हणालो आणि निघालो. त्या दिवशीचे उद्यान प्राण्यांचे होते. त्यात आशियाचा म्हणून एक भाग आहे, ‘आनंदपूर’ नावाचे काल्पनिक राज्य आहे. मुद्दाम झिजवलेल्या भिंती, पोपडे आलेले रंग, जुनाट पाट्या. भारत आणि नेपाळ एकत्र ढवळून केलेले एक गाव. आमच्या मुलीने त्या भिंतीला हात लावून पाहिला आणि विचारले, “आजीला हे दाखवायला हवं होतं ना?” आमच्यापैकी कोणी उत्तर दिले नाही. हजारो मैलांवरून आणलेली आजी त्या वेळी किसिमीच्या एका घरात बटाट्याची भाजी परतत होती आणि आम्ही सिमेंटचा भारत पाहत होतो.

रात्री टेबलावर वरण-भात, भाजी, काकडीची कोशिंबीर, लिंबाच्या फोडी असे सगळे होते. सर्वांनी पोटभर खाल्ले. आई उभी राहून वाढत होती. धाकट्याने तिला बस म्हटले, ती बसली, आणि बसताना टेबलाचा काठ धरून तिने तोंड जे वाकडे केले ते दोघाही भावांनी एकाच वेळी पाहिले. धाकट्याने ताट बाजूला सारले आणि सांगितले, की जानेवारीत केलेले कंटेम्पररीचे आरक्षण त्याने रद्द केलेच नव्हते. सहाऐवजी शेवटच्या दोन रात्री तेवढ्या ठेवल्या होत्या. उद्या दुपारपासून दोन खोल्या आपल्या आहेत.

मग जे व्हायचे ते झाले. आमच्यातील एकाचा आवाज चढला. विश्वासात न घेणे, पैशाचा तोरा, दोन रात्रींचे घराचे भाडे फुकट जाणे असे सगळे निघाले. थोरला आणि धाकटा यांच्यात गेल्या वीस वर्षांत जे बोलले गेले नव्हते ते तेथे निघाले: अमेरिकेला कोण गेला, आईजवळ कोण राहिला, दवाखान्याची बिले कोणी भरली. सुना गप्प. मुले तलावाकाठी जाऊन बसली.

आईने भाताचे पातेले झाकले आणि म्हणाली, “मी जाते तिकडे. तुमचं तुम्ही ठरवा.”

‘तुम्ही म्हणाल तसं’ हे वाक्य तिने त्या दिवशी वापरले नाही. आम्ही चकित झालो. आमच्यातील दुसरीने, सुनेने, हळूच विचारले, “पण आई, तिकडे स्वयंपाकघर नाही.” त्यावर ती सुनेकडे पाहून म्हणाली, “म्हणून तर.”

आणि मग तिने सांगितले. आमची आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, दर कार्तिकीला साताऱ्याहून पंढरपूरला जात आणि लग्नानंतर आईही त्यांच्यासोबत जाऊ लागली. नदीकाठच्या एका मठात उतरत. पातेली, स्टोव्ह, पीठ सगळे बरोबर. पहाटे चंद्रभागेचे स्नान, की लगेच दहा-बारा माणसांच्या भाकऱ्या. माणसे दर्शनाच्या रांगेत, आई स्टोव्हपाशी. “सात वर्षं गेले. त्यातली तीन वर्षं तर कळसाचंच दर्शन झालं. उतरायचं कुठे म्हणून मी का विचारते, कळलं का तुम्हांला? चूल नसेल तिथं उतरायचं होतं एकदा.” हे ती रागाने म्हणाली नाही. तिने ते बाजारभाव सांगावा तसे सांगितले आणि उठून हात धुतले.

या प्रश्नाचा चार महिने जो ऊहापोह आम्ही केला, त्यात हा मुद्दा कोणीच मांडला नव्हता. मुक्कामाचे सल्ले देणारे सगळे जण भाड्याच्या घराची पहिली जमेची बाजू म्हणून स्वयंपाकघर सांगतात आणि त्याने खर्च वाचतो हे खरेच आहे. ते स्वयंपाकघर कोणाच्या वाट्याला येणार, हे त्या हिशेबात धरलेले नसते. आमच्या घरात स्त्रीवादी समीक्षेचे अर्धे कपाट आहे. त्यातील एकीने त्यावर शोधनिबंध वाचलेले आहेत. आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईला आम्ही ‘रमलेली’ समजत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही आत उतरलो. थोरल्याने धाकट्याला भाड्याचा वाटा देऊ केला, धाकटा म्हणाला, “दादा, परत गेल्यावर बघू.” अजून बघितलेले नाही.

कंटेम्पररीविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. लोखंडी सांगाडा आधी उभा केला आणि खोल्या कारखान्यात तयार करून, कपाटात खण सरकवावेत तशा क्रेनने त्यात सरकवल्या, असे त्याचे बांधकाम. बाहेरून ते १९७१ साली लोकांना वाटलेल्या भविष्यासारखे दिसते, म्हणजे आता जुनाट दिसते. मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते. आईला तेवढी एक गोष्ट पुरली. मधल्या सज्ज्यात खुर्ची टाकून ती बसली आणि दर काही मिनिटांनी येणारी गाडी पाहत राहिली. “घरातून गाडी जाते,” तिने साताऱ्याच्या शेजारणीला फोनवर सांगितले, “आणि घर थरथरतसुद्धा नाही.” आतल्या जगाविषयीचे आमचे आक्षेप आम्ही मागे घेतलेले नाहीत. साबणापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सर्वत्र कंपनीची नाममुद्रा आहे, साधी कॉफीही खिसा चाचपायला लावते, आणि दोन दिवसांत बाहेर एखादे जग आहे याची आठवणही होत नाही. परंतु पाचव्या दिवशी सकाळी आई स्वतःच्या पायांनी चालत उद्यानात गेली, बाराला परत आली, अडीचपर्यंत गाढ झोपली आणि संध्याकाळी नातवंडांचे हात धरून पुन्हा गेली. चाकांची खुर्चीही तिने त्या दिवशी मागून घेतली. रात्री खोलीच्या मागच्या तळ्यावरून दिव्यांच्या आकृत्यांची मिरवणूक गेली. पाण्यावर चमकणारे मासे, कासव, साप. उद्यान उघडले त्याच महिन्यापासूनचा हा रिवाज आहे. आईने त्या दिव्यांना हात जोडले. का, ते आम्ही विचारले नाही.

आत उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने पलंगावरची चादर ताणून, कोपरे खोचून, उशा मांडून ठेवल्या होत्या. जाऊबाई म्हणाल्या, की येथे हे काम करायला माणसे येतात, तुम्ही करू नका. आईने ऐकल्यासारखे केले. निघण्याच्या दिवशी आम्ही तिला न्यायला गेलो तेव्हा चादर अर्धी जमिनीवर होती, दोन्ही उशा दोन दिशांना, आणि आई पर्स घेऊन, चपला घालून दाराशी तयार उभी होती.